कान तुटलेला कप

दोन आठवडे काही लिहिलं नाही. आधी रिलीज होती, मग रिलीजनंतरचे बग होते, आणि ते निस्तरून झाल्यावर सरळ उदगीरला पळालो. तिथे कॉलेजच्या एका जिवलग मित्राचं घर आहे. नांदेडला इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एकाच खोलीत काढली. मी लातूरचा, तो उदगीरचा, त्यामुळे 'आपल्याकडचा माणूस' म्हणून पहिल्याच दिवशी गट्टी जमली. त्याच्या घरची मंडळी तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. रविवारी सकाळी मावशी (म्हणजे त्याची आई) म्हणाल्या, "चल की चर्चला, घरी बसून काय करायलास?" गेलो.

महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभूभोजनाचा. पुढे टेबलावर पांढरं स्वच्छ कापड, एका ताटलीत ब्रेडचे छोटे चौकोनी तुकडे, आणि एका गोल ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढे काचेचे कप, त्यात द्राक्षाचा रस. पाळकांनी शास्त्रातला उतारा वाचला, प्रार्थना झाली आणि लोक रांगेने पुढे जाऊन गुडघे टेकू लागले. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे मी मागच्या बाकावर बसून राहिलो. कोणी काही म्हणालं नाही, पण एक सात-आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे वळून वळून बघत होती. 'याला भूक नाही का?' असा काहीतरी तिचा प्रश्न असावा.

मला तेव्हा ब्रेड आठवत नव्हता की द्राक्षाचा रस. मला आठवत होता एक कप. पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी भाकर

इंग्रजीतलं 'ब्रेड' मराठी बायबलमध्ये 'भाकर' होतं. शेवटच्या रात्री येशू शिष्यांना मोडून देतो ती भाकर. तो स्वतःला म्हणवतो ती जीवनाची भाकर. प्रार्थनेत रोज मागायची तीही भाकरच. मराठीत नवा करार पहिल्यांदा छापून आला १८११ मध्ये, तोही थेट बंगालात, सेरामपूरला विल्यम कॅरीच्या छापखान्यातून. तेव्हापासून अनेक भाषांतरं झाली. त्यातलं एक तर पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीक शिकून एकहाती केलं. या सगळ्या प्रवासात हा शब्द असा काही रुजला की तो उसना वाटतच नाही.

लातूर-नांदेडच्या माणसाला 'भाकर' म्हटल्यावर चूल, परात आणि ज्वारीच दिसणार. गंमत म्हणजे ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे ते पावासारखं फुगत नाही. म्हणजे आपली भाकरी जन्मतःच बेखमीर! आणि ज्यूंच्या वल्हांडण सणात खायची भाकर बेखमीरच लागते. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे येशूचं शेवटचं जेवण हे वल्हांडणाचंच जेवण होतं. (चौथं शुभवर्तमान, म्हणजे योहानाचं, ते आदल्या दिवशी झाल्याचं सांगतं, आणि भाकर-प्याल्याच्या विधीऐवजी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट सांगतं.) पुढे याच खमिरावरून पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची चर्चेस हमरीतुमरीवर आली. १०५४ च्या सुप्रसिद्ध फाटाफुटीत हाही एक मुद्दा होता. पूर्वेकडचे खमीर घातलेली भाकर वापरतात, रोमन कॅथलिक बेखमीर. कॅथलिक नियमाप्रमाणे ती गव्हाचीच हवी. २०१७ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा सांगितलं की ग्लुटेन कमी असलेलं चालेल, अजिबात नसलेलं चालणार नाही. म्हणजे आपली ज्वारी तिथे बाद.

मी मित्राला म्हटलं, "ज्वारीच्या कोठारात राहता आणि प्रभूभोजनाला बेकरीचा ब्रेड?" तो म्हणाला, "लेका, भाकरीचे तुकडे केले तर म्हाताऱ्यांना चावायचे नाहीत." धर्मशास्त्रात न सापडणारी बरीच उत्तरं अशी असतात.

मग प्याला

माझ्या मते खरा स्फोटक भाग भाकरीत नाही, प्याल्यात आहे. मूळ कथेत प्याला एकच आहे आणि सगळे त्यातून पितात.

आता हे वाक्य जरा मराठी कानांनी ऐका. एकाच भांड्यातून सगळ्यांनी प्यायचं. म्हणजे एकमेकांचं उष्टं! इंग्रजीत या शब्दाला धड प्रतिशब्दसुद्धा नाही. युरोपियन माणसाला जंतूंची भीती वाटेल, पण उष्ट्याची नाही. आपल्याकडे आई लेकराचं उष्टं खाते ते प्रेम, बायको नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते ती रीत, आणि उरलेलं गावकुसाबाहेर मागायला आलेल्याच्या पदरात टाकतात ती जात. एका शब्दात आपली सगळी समाजव्यवस्था बसली आहे. कोण कुणाचं उष्टं खाऊ शकतं याचा तक्ता काढला की गावाचा नकाशा तयार होतो.

अशा देशात 'हा प्याला सगळ्यांनी मिळून प्या' असं सांगणारा विधी आला तर काय होईल? जे व्हायचं तेच झालं. दक्षिणेत तरंगंबाडीला १७०६ मध्ये प्रोटेस्टंट मिशन सुरू झालं, मंडळ्या वाढल्या, आणि वरच्या जातींतून आलेले ख्रिस्ती वेगळे बसू लागले, प्रभूभोजनाला आधी जाऊ लागले, काही ठिकाणी प्यालेसुद्धा वेगळे झाले. शंभराहून जास्त वर्षं मिशनरी कधी डोळेझाक करत, कधी कुरकुरत राहिले. शेवटी १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी फर्मान काढलं की चर्चमध्ये हा भेद बंद झाला पाहिजे. पुष्कळ लोक चर्च सोडून गेले. येशू चालेल, पण एक प्याला नाही चालणार!

आपल्याकडचे दोन भाऊ

महाराष्ट्रात या विषयावरची मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट शेषाद्री भावांची आहे. मुंबईत १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनऱ्यांकडे ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलाला त्यांच्या ताब्यात दिलं. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मग अडचण काय होती? तो मिशनऱ्यांबरोबर जेवला होता! तेवढ्यावरून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर रण माजलं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यापायी त्यांनाही बहिष्काराची झळ बसली.

आणि थोरला नारायण? तो रेव्हरंड झाला, मराठवाड्यात आला आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वस्ती त्याने उभी केली. ती मुख्यतः मांग आणि महार समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची होती. जरा कल्पना करा. निजामाच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकात, एक जन्माने ब्राह्मण माणूस मांग-महार कुटुंबांच्या मंडळीसमोर भाकर मोडतो आहे. त्याच्या भावाला नुसत्या जेवणासाठी शुद्धी लागली होती. हा तर ते जेवणच वाटत होता!

धाकट्याची गोष्ट जुनी झाली म्हणावं, तर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनचं चहा प्रकरण झालं. रानडे, टिळक आणि पुण्यातली बरीच नामवंत मंडळी मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं समोर आली. गोपाळराव जोश्यांनी (हो, आनंदीबाईंचे यजमान) नावं वर्तमानपत्रात पोचवली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि टिळक-रानडे दोघांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावं लागलं. एक कप चहा!

करिंथचं माजघर

चर्चमध्ये प्रभूभोजनाच्या वेळी जो उतारा वाचतात तो पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला, अकराव्या अध्यायातला असतो. हे पत्र साधारण इसवी सन ५५ च्या आसपासचं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. त्या रात्रीच्या जेवणाबद्दलचा आपल्या हाती असलेला सगळ्यात जुना लेखी मजकूर हाच. मी घरी येऊन तो अध्याय पूर्ण वाचला आणि चाट पडलो, कारण त्या पवित्र उताऱ्याच्या आधी चक्क भांडण आहे.

तेव्हा प्रभूभोजन हा वेगळा विधी नव्हता, पोटभर जेवणातच तो मिसळलेला होता. मंडळी एखाद्या श्रीमंताच्या घरी जमायची. रोमन घरात जेवणाच्या खोलीत जेमतेम नऊ-दहा माणसं मावत, बाकीचे बाहेर चौकात. अभ्यासकांचा अंदाज असा की खास पाहुणे आत, आणि गुलाम, मजूर वगैरे काम संपवून उशिरा येणारे बाहेर. थोडक्यात काय, कुणी माजघरात, कुणी ओसरीवर! आतले आधी जेवून घेत, पिऊन तर्र होत, आणि बाहेरचे उपाशी राहत. पौल यावर भडकला आहे. तो म्हणतो की तुम्ही जे जेवता ते प्रभूचं जेवण नव्हेच, तुम्ही गरिबांना लाजवता. आणि मग, त्यांना भानावर आणण्यासाठी, तो शेवटच्या रात्रीची आठवण सांगतो.

पुढे तो बजावतो की अयोग्य रीतीने खाल तर दोषी ठराल. मित्राने सांगितलं की लहानपणी या वाक्याची त्याला फार धास्ती वाटायची. आठवड्यात खोटं बोललो, शिवी दिली, आता ही भाकर कशी खाऊ? पण अध्याय सलग वाचला तर तिथे शिवीगाळीचा संबंध नाही. माझ्या समजुतीप्रमाणे 'अयोग्य रीत' म्हणजे बाहेरचा उपाशी असताना आत बसून खाणं. अध्यायाच्या शेवटी पौल उपाय सांगतो तोही साधाच आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

पुढे काय झालं ते थोडक्यात. पोटभर जेवण आणि विधी हळूहळू वेगळे झाले. विधी अधिकाधिक पवित्र होत गेला, जेवण मागे पडलं. १२१५ च्या लॅटरन परिषदेने भाकर-द्राक्षारसाचं ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात रूपांतर होतं हा सिद्धांत अधिकृत केला. पश्चिमेत सामान्य लोकांपासून प्याला हळूहळू दूर झाला होता, त्यावर १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने शिक्का मारला. आता लोकांना फक्त भाकर, प्याला फक्त पुरोहिताला! त्याच परिषदेने बोहेमियाच्या यान हुसला जिवंत जाळलं आणि त्याच्या अनुयायांनी प्याला हेच आपलं निशाण केलं. १५२९ मध्ये ल्यूथर आणि झ्विंगली एकत्र बसले. ख्रिस्त भाकरीत खरोखर असतो की ती फक्त आठवण, या एका मुद्द्यावर फाटलं ते फाटलंच. हे सगळे वाद मोठ्या माणसांचे, मी त्यात पडत नाही. पण दीड हजार वर्षं भाकरीचं काय होतं यावर माणसं भांडली, आणि भाकरीभोवती कोण बसतं हा पौलाचा प्रश्न बाजूला राहिला, असं मला वाटतं.

नांदेडची पंगत

हा प्रश्न मला सुचला त्याचं श्रेय नांदेडला. होस्टेलची मेस रविवारी रात्री बंद असायची आणि महिनाअखेरीला खिसे रिकामे. मग आम्ही दोघं सरळ सचखंड गुरुद्वाऱ्यात जायचो. डोक्याला रुमाल, खाली पंगत, दोन्ही हात पुढे करून घ्यायची पोळी. कुणी नाव विचारलं नाही, जात तर नाहीच. पंगत हा शब्द पंजाबीतही आहे आणि मराठीतही. फरक इतकाच की मराठी गावात 'पंगत' म्हटलं की 'कुणाची?' हा प्रश्न मागोमाग येतो.

शिखांकडे दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या दिसतात. लंगर सगळ्यांना खुला, तुम्ही कोणत्याही धर्माचे असा. आणि अमृत, म्हणजे खंडे दी पाहुल, फक्त व्रत घेणाऱ्यांना. १६९९ मध्ये आनंदपूरला गुरु गोविंदसिंगांनी लोखंडी बाट्यात पाणी आणि पताशे घेऊन खंड्याने ढवळलं आणि पाच जणांना एकाच बाट्यातून पाजलं. परंपरा सांगते की त्यात खत्री, जाट, पाणक्या, शिंपी आणि न्हावी होते. त्यातले न्हावी भाई साहिबसिंग हे आपल्या शेजारच्या बिदरचे! मग गुरूंनी त्या पाच जणांकडून स्वतः अमृत मागून घेतलं. शिष्यांच्या बाट्यातून गुरू प्यायले, म्हणजे उष्ट्याचा सगळा तक्ताच उलटा झाला. तेच गुरु १७०८ मध्ये नांदेडला गोदावरीकाठी अखेरचे राहिले.

(आपल्याकडेही हे नव्हतं असं नाही. वारकऱ्यांचा काला हा एकमेकांच्या हातचा, एकत्र कालवलेलाच. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचं जेवण आधी महारांना घातलं आणि ब्राह्मणांचा रोष ओढवून घेतला ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं, हेही ठाऊक असावं. आणि पंजाबातही जातीनिहाय गुरुद्वारे आहेत. कुठलाच धर्म इथे पैकीच्या पैकी नाही.)

प्रभूभोजनात या दोन्ही गोष्टी मुळात एकाच ताटात होत्या: व्रताचा प्याला आणि भुकेल्याची पंगत. त्या वेगळ्या झाल्या, आणि चर्चमध्ये सणावारी होणारं 'प्रीतिभोजन' हे त्या दुसऱ्या अर्ध्याची आठवण म्हणून राहिलं. म्हणून मला मागच्या बाकावर बसवलं याचा मला राग नाही. व्रत त्यांचं आहे, मी घेतलेलं नाही. उपासनेनंतर मावशींनी घरी ताट वाढलं, ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मित्राच्या ताटातली अर्धी भाकरी मी उचलली आणि त्याने माझ्या तांब्यातून पाणी प्यायलं. माझ्यापुरतं ते प्रीतिभोजन झालं.

तो कप

आता तो कप. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी या मित्राला दिवाळीत गावी घेऊन गेलो होतो. आमचं गाव लातूरपासून तासाभरावर. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप. सालगड्याचा. तो आला की तो कप स्वतः विसळायचा, पुढे करायचा, आजी वरून चहा ओतायची. लहानपणापासून बघत आलो होतो, त्यामुळे कधी 'दिसला' नव्हता.

आजीने मित्राला आडनाव विचारलं, गाव विचारलं, "कोणच्यातले म्हणायचे?" हेही विचारलं. तो म्हणाला, "ख्रिश्चन आहे, आजी." आजी हसून म्हणाली, "ते आत्ता. आधी कोण?" त्याने सांगितलं. चहा आला. मला बशीतला कप, त्याला तो.

त्याने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा पिऊन टाकला. मी काहीही बोललो नाही. आजी दुखावेल म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण इतकंच की ते मला सोयीचं होतं. ओसरीवरच्या माणसाला लाज वाटावी याची जबाबदारी माजघरात बसणाऱ्याची असते, आणि त्या दिवशी माजघरात मी होतो.

यात सरकारी कागदाचीही एक गंमत आहे. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्याला नाही. कागदावर त्याची जात गेली, कपात राहिली.

या खेपेला मी त्याच्याकडे तो विषय काढला. माफी मागितली म्हणा. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुला माहितीय, आमच्या चर्चमध्ये पूर्वी एकच प्याला असायचा म्हणे. आता हे छोटे कप. स्वच्छ असतात, करोनानंतर तर बरंच वाटतं. पण कधी कधी मला ते बघून तुझ्या आजीचा कोनाडा आठवतो." मग हसला. "आणि आमच्यातही लग्नाच्या वेळी आधी कोण ते विचारतातच की."

वेगवेगळ्या छोट्या कपांची पद्धत १८९० च्या दशकात अमेरिकेत जंतूंच्या भीतीने सुरू झाली. द्राक्षारसाऐवजी न आंबवलेला रस आला तोही तिथूनच, १८६९ मध्ये वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्याच्या खटपटीतून. दोन्हींमागे जात नव्हती. पण एखादी गोष्ट कुठल्या कारणाने सुरू झाली आणि कुठल्या कारणाने सोयीची ठरली, ही दोन वेगळी उत्तरं असू शकतात. आपल्या क्षेत्रात याला 'बग नाही, फीचर आहे' म्हणतात.

आता मुद्दा, आपल्या सगळ्यांसाठी. आपण पुण्या-मुंबईत राहतो, जातपात मानत नाही, टीम लंचला एकमेकांच्या डब्यात चमचे घालतो. छान. पण घरी काम करणाऱ्या मावशींचा चहाचा पेला कुठे ठेवलेला असतो? वॉचमनला पाणी देतो ती बाटली फ्रिजमधली असते की सिंकखालची? ऑफिसात हाउसकीपिंगची माणसं जेवतात कुठे, पँट्रीत की जिन्याखाली? मी पुण्यात आल्यावर स्वतःच्याच स्वयंपाकघरात बघितलं. वरच्या फळीवर एक वेगळा स्टीलचा पेला होता. कुणी ठरवून ठेवला नव्हता. कोनाडासुद्धा कुणी ठरवून केला नसेल.

प्रभूभोजनाचा अर्थ मला विचाराल तर तो रूपांतरात आहे की स्मरणात, हे मी सांगू शकणार नाही. पण पौलाने केलेली चाचणी मला कळते, आणि ती देवळात, गुरुद्वाऱ्यात, चर्चमध्ये आणि टू बीएचकेमध्ये सारखीच लागू पडते. ताटात काय आहे हे नंतर बघू, आधी बाहेर कोण उभं आहे ते बघ.

असो. तो पेला आता आमच्या सगळ्यांच्या पेल्यांत मिसळलाय. काल सकाळी चहा माझ्या वाट्याला त्यातूनच आला. चव तीच होती.